चावडी पाडण्याआधी

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात जुनी चावडी पाडून त्या जागी ग्रामसचिवालय बांधायचं घाटतंय. दगडी जोतं, सागवानी खांब, मंगलोरी कौलं. दोन पावसाळे झाले, एका अंगाने गळतेय. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर यावरून खडाजंगी चाललीय. मी ती अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून वाचतो, आणि डोळ्यांपुढे इथल्या स्ट्रॅफर्ड गावचं टाउन हाउस, म्हणजे गावसभेचं सभागृह, येतं.

स्ट्रॅफर्ड म्हणजे हजार-अकराशे वस्तीचं खेडं. हिरवळीच्या टोकाला, उंचवट्यावर, पांढऱ्या लाकडी फळ्यांची ही मनोऱ्याची इमारत १७९९ सालची. सुरुवातीला तिथे प्रार्थनाही व्हायची आणि गावसभाही. व्हरमाँटमध्ये मार्चचा पहिला मंगळवार गावसभेचा. मी शेजारच्या गावात राहतो. एका सहकाऱ्याबरोबर बघायला गेलो. लोक कोट न काढताच लाकडी बाकांवर बसलेले. एका आजींनी उठून विचारलं, यंदा खडीवर एवढा खर्च कसा? रस्त्यांचं काम बघणारा माणूस तिथेच बसला होता. तो उभा राहिला आणि बर्फ वितळताना कुठला कच्चा रस्ता किती खचला ते सांगत गेला. आजींचं समाधान झालं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. कुणी त्यांना खाली बसवलं नाही.

इथे सभेची नोटीस किमान ३० दिवस आधी लागते, जमाखर्चाचं पुस्तक आधीच लोकांच्या हातात असतं. आपल्याकडे नोटीस सात दिवसांची. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली कमी असेल ती. आमच्या गावात तेवढीही भरत नाही. सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते, आणि मग पंधरा माणसांत ठराव मंजूर. हे सचिवालयही तसंच ठरलं, याचा मला खरा राग आहे.

इथलं सगळंच गोमटं आहे असं नाही. व्हरमाँटमधल्या कितीतरी गावांनी सभेतली चर्चा सोडून नुसती मतपेटी धरली आहे. आणि गावसभा शिकायला आपल्याला अमेरिकेत यायची गरज नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घेऊन दाखवले, २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्कही मिळवला.

ग्रुपवर एका मेसेजला मात्र मला लगेच उत्तर देता आलं नाही. माझ्या वर्गातला मित्र, बौद्धवाड्यातला. त्याने लिहिलं, ‘माझा आजा त्या चावडीच्या पायरीखाली उभा राहायचा. पाडली तर मला काय वाईट वाटायचंय?’ चावडीच्या ओट्यावर मी लहानपणी गोट्या खेळलोय. त्याला तिथे खेळताना पाहिल्याचं मला आठवत नाही, आणि हे आजवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्याला फोन केला. स्ट्रॅफर्डबद्दल बोललो. ते सभागृह उभं राहिलं तेव्हा तिथे मत फक्त पुरुषांना होतं. व्हरमाँटमध्ये कर भरणाऱ्या बायकांना गावसभेत मत मिळालं ते १९१७ साली. शंभराहून जास्त वर्षं ज्यांना मत नव्हतं, त्यांच्या पणत्या-खापरपणत्या आज त्याच बाकांवरून खडीचा हिशेब मागतात. नवी इमारत बांधली असती तर बाहेर कोण होतं हेही पुसलं गेलं असतं. आपली चावडी पाडली की तुझ्या आजाची ती पायरीही जाईल, एवढंच मी त्याला म्हणालो.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘कौलं बदलायचा ठराव एक मेच्या ग्रामसभेत मी मांडतो. पण सभा पटांगणात नाही, चावडीच्या आत घ्यायची. आणि आमच्या आयाबाया पुढे बसतील.’

ग्रुपवर मी त्याच्या ठरावाला पाठिंबा लिहिलाय. गावात राहणाऱ्यांनी त्या दिवशी शंभर माणसं जमवावीत, सभा तहकूब होऊ देऊ नये.