नीत्शे हे आडनाव पोलिश आहे का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन. जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिख नीत्शे स्वतःला पोलिश सरदारांचा वंशज म्हणवत असताना मी आडनाव सॅक्सनीकडचं का म्हणतो? आणि टेलिफोन डिरेक्टरीतली आडनावं कुठे किती हे दाखवणाऱ्या नकाशावर ‘निट्शे’ (त्याच आडनावाचं दुसरं स्पेलिंग) पार बव्हेरिया, वेस्टफेलियात कसे?

नीत्शेने तो दावा १८८८ मध्येही केला, हे खरंच. पण वडिलांचा जन्म १८१३ चा, आयलेनबुर्गचा; आजोबा तिथलेच धर्माधिकारी; पणजोबा बिब्राला अबकारी निरीक्षक. सगळा सॅक्सनीचा मुलूख. पुढे नीत्शेच्या आईकडचे नातेवाईक मॅक्स ओएलर यांनी वंशावळ लावली, तिच्यातही पोलिश सरदार नाही. आडनावाची घडण मात्र स्लाव्ह वळणाची आहे: निकोलाउसचं लाडकं रूप, जसं फ्रीडरिखवरून फ्रिट्शे. त्यासाठी पोलंड गाठायची गरज नाही. सॅक्सनीच्या लुसाटियात स्लाव्ह सॉर्ब लोक आजही आहेत. नीत्शेच्या जर्मन स्पेलिंगमधली ‘टी-झेड-एस-सी-एच’ ही अक्षरांची गर्दीही खास तिकडचीच, डेलित्श या गावाच्या नावात आहे तशी.

नकाशाचं दुखणं वेगळं आहे. ‘निट्शे’ सायलेशियातही (आज बहुतेक पोलंडमध्ये असलेला प्रदेश) पुष्कळ होते. १९४५ नंतर तिथल्या जर्मनांना हाकललं गेलं आणि ते पश्चिमेकडे विखुरले. म्हणजे तुमच्या नकाशावर बरेचदा निर्वासितांचा मुक्काम दिसतो, मूळ गाव दिसत नाही. त्याऐवजी पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या हानी-याद्या (मृत, जखमी, बेपत्ता सैनिकांच्या) घ्या. त्यांत बहुतेक ठिकाणी सैनिकाचं जन्मगाव असतं, आणि हे जन्म विस्थापनाच्या कितीतरी आधीचे.

शोधताना सगळी स्पेलिंगं एकत्र धरा. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी प्रशियात १८७४ ला आणि साम्राज्यभर १८७६ ला आली. त्याआधी पाद्री कानावर पडेल तसं लिहायचा, त्यामुळे एकच घराणं तीन रूपांत सापडतं. सारख्या उच्चाराच्या जर्मन नावांना एकच आकडा देणारा कोलोन ध्वनिसंकेत वापरलात तर नीत्शे आणि निट्शे दोघांना ६८ मिळतो, पण ‘निट्श्के’ला ६८४, म्हणून तो वेगळा शोधावा लागतो. उलट काहीही संबंध नसलेलं ‘नीझे’ ६८ मध्येच घुसतं. ते हाताने वगळा.

मग जिल्हावार मोजणी करा आणि लोकसंख्येने भागा, नाहीतर प्रत्येक आडनावाचं मूळ बर्लिन निघेल. टेलिफोनची एक नोंद म्हणजे एक घर. माणसांचा अंदाज हवा तर साधारण पावणेतीनने गुणतात. दुर्मीळ आडनावात मात्र एकाच कुटुंबाच्या चार नोंदींनी छोटा जिल्हा नकाशावर गडद होतो. अशा जिल्ह्यावर विसंबण्याआधी तिथल्या लुथेरन चर्चची बाप्तिस्मा-वही पाहा. १६४८ पूर्वीच्या वह्या तीस वर्षांच्या युद्धात अनेक ठिकाणी जळाल्या, तेव्हा वही तिथे सुरू होते म्हणून घराणंही तेव्हाच आलं असं धरू नका.