‘आळस’ या शब्दापुरते उत्तर

महोदय,

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. शहरातील मुलांच्या ताटात सकस अन्न येणे हा केवळ पालकांच्या इच्छेचा प्रश्न नाही, ते अन्न घराजवळ आणि परवडेल अशा भावात मिळते का याचाही आहे, एवढेच मी मूळ लेखात म्हटले होते. त्यावर आपण लिहिता, “अन्न सगळीकडे मिळते, आईबापांना रांधायचा आळस आहे, आणि वातानुकूलित खोलीतल्या लेखिकांनी त्याला सहानुभूतीचा मुलामा देऊ नये.”

आधी माझी चूक. दिवसाला ४०० ग्रॅम फळे-भाज्या हा आकडा मी सरसकट सर्व मुलांना लावला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांप्रमाणे तो दहाव्या वर्षापासून पुढचा आहे. दोन ते पाच वर्षांसाठी किमान २५० आणि सहा ते नऊ वर्षांसाठी किमान ३५० ग्रॅम. लेखात दुरुस्ती केली आहे. तिच्यासाठी ‘अडाणीपणा’ हा शब्द खर्ची घालण्याची मात्र गरज नव्हती.

आता आळस. माझी आई दोन ठिकाणी काम करून रात्री घरी येत असे. तोवर भाजीवाले उठून गेलेले असत, आणि सकाळी घेऊन ठेवावी तर खोलीत शीतकपाट नव्हते. कोपऱ्यावरच्या दुकानात पुडे मिळत, कारण पुडा महिनोन्‌महिने टिकतो आणि न खपलेल्या भाजीचा तोटा दुकानदाराच्या अंगावर येतो. त्यात दुकानदाराचाही मी दोष मानत नाही. त्याहून जाचक गोष्ट मला फार उशिरा कळली. अनोळखी चवीची भाजी मूल पहिल्या घासाला स्वीकारत नाही. ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून अधिक वेळा पुढे ठेवावी लागते. ज्या घरात पैसे मोजून आणलेले असतात तिथे प्रत्येक नाकारलेला घास म्हणजे वाया गेलेले पैसे आणि उपाशी झोपलेले मूल. म्हणून आई मी नक्की खाईन तेच आणत असे. त्याला आळस म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, पण तिचा दिवस एकदा मोजून पाहा.

फिनलंडमध्ये १९४८ पासून शाळेतले जेवण सर्व मुलांना मोफत मिळते. तिथले पालक जगात सर्वांत आळशी असावेत, असे आपल्या तर्काने मानावे लागेल.

आपण २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासाचा दाखला दिला आहे: गरीब कुटुंबांना श्रीमंतांइतक्याच वस्तू त्याच भावात मिळाल्या तरी आहारातली दरी सुमारे दहा टक्केच कमी होते. अभ्यास माझ्या परिचयाचा आहे. तो एका देशापुरता आहे, आणि ‘आळस’ हा निष्कर्ष त्याचा नसून आपला आहे. यापेक्षा अधिक त्यावर आज लिहीत नाही. जाहिराती आणि साखरेवरील करांविषयीचे आपले दोन परिच्छेद विषयाला सोडून आहेत.

“एकदा वस्तीत येऊन पाहा,” असे आपण शेवटी सुचवले आहे. मी सतरा वर्षे तिथे राहिले. आपण किती राहिलात ते लिहिलेले नाही, आणि प्रतिक्रियेखाली नावही नाही.