शोध असा लावा की पुन्हा कुणालाच लागू नये

तुमच्या प्रयोगाचा निकाल उद्या दुसऱ्या कुणाच्या लॅबमध्येही तस्साच आला, तर तुमचं वेगळेपण ते काय राहिलं? जीवशास्त्रात नाव काढायचं असेल तर निकाल असा हवा, की तो एकदाच आला, तुमच्याकडेच आला आणि नेमका पेपर पाठवायच्या आदल्या आठवड्यात आला.

सुरुवात उंदरांपासून करा. एका गटात तीन पुष्कळ झाले; मुक्या जिवांचे हाल कशाला? त्यातला एक तुमच्या सिद्धांताशी फटकून वागला, तर तो आजारी होता असं समजून वगळा. सिद्धांताला साथ देणारे उंदीर कधीच आजारी नसतात, हे एव्हाना तुमच्याही लक्षात आलं असेल. आणि कुणाला औषध दिलंय, कुणाला नुसतं सलाइन, हे उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी मोजणाऱ्याच्या कानावर आधीच घालून ठेवा. बिचाऱ्याने अंधारात का चाचपडावं?

पी-व्हॅल्यू, म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नसताना असा निकाल निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, 0.05च्या खाली असली की निकाल दखलपात्र मानतात. ती 0.07 आली म्हणून खचू नका. आणखी दोन उंदीर घाला, पुन्हा बघा. 0.05च्या खाली गेली रे गेली की हात आखडा. पुढचा उंदीर घात करू शकतो. नाहीच जमलं तर वीस वेगवेगळ्या गोष्टी मोजा. एखादी निव्वळ योगायोगाने रेषेखाली येतेच. तिला ‘आमचं मूळ गृहीतक’ म्हणायचं, बाकीच्या एकोणीस ड्रॉवरमध्ये.

खरी कला मात्र ‘पद्धती’ या भागात आहे. तिथे ताकास तूर लागू द्यायचा नाही. ‘पेशी पूर्वी वर्णिल्याप्रमाणे वाढवल्या’ असं लिहा आणि स्वतःच्याच जुन्या पेपरचा हवाला द्या. त्यात त्याहून जुन्याचा असावा, आणि सगळ्यांत जुन्यात ‘वैयक्तिक चर्चेतून’. पेशींमधली प्रथिनं ओळखायला वापरलेली अँटिबॉडी कुठल्या कंपनीची ते सांगा, पण कॅटलॉग नंबर गिळा; बॅच नंबर तर मनातही आणू नका. या कलेची परंपरा थोर आहे. कर्करोगावरच्या नावाजलेल्या 53 पेपरांमधले 193 प्रयोग पुन्हा करायला एक गट निघाला होता. 2021मध्ये त्यांनी हिशेब मांडला: मूळ लेखकांना काही न विचारता, नुसता पेपर वाचून आराखडा बनवता येईल असा त्यात एकही प्रयोग नव्हता. रडतखडत 50 झाले, आणि त्यांतले परिणाम मूळ दाव्यांपेक्षा बहुतांशी फारच किरकोळ निघाले.

पारदर्शकतेचे तोटे किती, तेही बघा. बॉस्टन आणि बर्कलीच्या दोन लॅब स्तनाच्या ऊतीवर मिळून काम करत होत्या. ऊती तीच, कृती तीच, आणि पेशींची वर्गवारी मात्र दर वेळी वेगळी. अखेर दोन्हीकडचे संशोधक एकाच टेबलाशी शेजारीशेजारी उभे राहिले, तेव्हा उलगडा झाला: ऊतीतल्या पेशी सुट्या करण्यासाठी एक लॅब ती जोरात ढवळायची, दुसरी हलकेच हलवायची. एवढंच! शेजारी उभं राहायची ही घाई त्यांना नडली, नाहीतर दोन परस्परविरोधी पेपर सहज निघाले असते.

पेशी नेमक्या कोणाच्या, याची चौकशी करू नये. एमडीए-एमबी-435 या पेशी स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या. पुढे त्या मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या निघाल्या. एका डीएनए चाचणीने केवढे पेपर पोरके झाले!

इतकं करूनही कुणी ‘आम्हाला जमलं नाही’ म्हणत आलाच, तर सहानुभूतीने विचारा, ‘हात बसलाय का तुमचा?’ फारच खनपटीला बसला तर गोपनीयतेच्या करारावर सही घ्या. अ‍ॅम्जेन या औषध कंपनीने कर्करोगावरचेच 53 गाजलेले अभ्यास पडताळले, आणि त्यांतल्या सहांचेच निकाल टिकल्याचं 2012मध्ये छापून आलं. पण ते पेपर कुठले, हे जगाला कळलं नाही, कारण काही मूळ संशोधकांनी पडताळणीआधीच तसं लिहून घेतलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

राहता राहिला तुमच्याच लॅबमधला नवा विद्यार्थी. त्यालाही निकाल येणार नाही, आणि तो वही उघडून तुमच्यासमोर उभा राहील. काम दुसऱ्याला द्या, मग तिसऱ्याला. चौथ्याला जमलं की पहिलं नाव त्याचं लावा आणि आधीच्या तिघांच्या वह्या फ्रीजरमागच्या कपाटात टाका. किल्ली तुमच्याकडेच असू द्या.