जुन्या बाजारात घबाड मिळवायचंय? मग हे कराच

पुण्यात राहून मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून एकदाही काही 'स्वस्तात मारलं' नसेल तर तुमचं जगणं फुकट आहे हे आधी मान्य करा. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, बुधवारी तुम्ही ऑफिसात असता (निदान ऑफिसचा तरी तसा समज असतो), म्हणजे उरला रविवार. सकाळी लवकर जायचं असं सगळे सांगतात, तुम्ही मात्र पोहे, दुसरा चहा वगैरे उरकून साडेअकराला भर उन्हात शाहीर अमर शेख चौकात पोचा, गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास घालवा आणि टोइंगवाल्यांनी उचललीच तर तो दंड खरेदीच्या हिशोबात अजिबात धरू नका. जाणकार लोक धरत नाहीत.

पहिलं घबाड म्हणजे नाणी. पथारीवर ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 सालचं नाणं असतंच असतं, एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, पायाशी मारुती. इथे डोकं चालवायचं नाही. ज्या वर्षी पेशवाई बुडाली त्याच वर्षी कंपनी सरकार आपल्यासाठी भक्तिभावाने रामदरबार छापत बसलं होतं यात संशय घेण्यासारखं काय आहे? कंपनीने रामदरबाराची नाणी कधी पाडलीच नाहीत, ही टोकनं नंतर कुणीतरी बनवलीत, असं सांगणारा एखादा नाणेवाला मित्र असतो, त्याला सोबत नेऊ नका. आणि शेजारच्या पथारीवर तंतोतंत तसलीच चाळीस नाणी दिसली तर नजर फिरवा. दुर्मिळच आहेत ती, फक्त एकत्र राहतात.

मग एचएमटी. बंगळूरला 1961 मध्ये सिटिझनच्या मदतीने ही घड्याळं बनायला लागली, बाबांच्या हातात त्यातलंच 'जनता' मॉडेल होतं, त्यामुळे तुमचा गळा दाटून येणार हे पथारीवाल्याला तुमच्या आधी कळलेलं असतं. बाबांच्या जनताची डायल पांढरी होती आणि ही पोपटी का, वर अक्षरं कालच छापल्यासारखी कोरी का, असले प्रश्न विचारून स्वतःचा मूड घालवू नका. कानाला लावा, टिकटिक येतेय ना, घ्या. घरी जाईपर्यंत चालतं.

घासाघीस करताना ज्या वस्तूवर जीव जडलाय तिच्याकडे बघायचंच नाही, शेजारच्या तुटक्या मिक्सरकडे बघत "आणि ह्याचं काय हो?" असं सहज विचारायचं. समोरचा माणूस तुमच्यासारखे सहज विचारणारे वर्षानुवर्षं बघतोय हे विसरा. तो आठशे म्हणेल, तुम्ही दोनशे म्हणा, तो तंबाखू मळायला घेईल. आता ऐटीत दहा पावलं चालायला लागा, तो हाक मारतोच. नाही मारली तर अजून दहा चाला. तरी नाही मारली तर बाजाराला एक पूर्ण चक्कर मारून उलट्या बाजूने या आणि साडेसातशेला घ्या, वर पन्नास रुपये वाचवले म्हणून ऊसाचा रस प्या.

"दीडशे वर्षं जुना आहे साहेब" असं कंदिलाबद्दल ऐकलंत तर खूश व्हा. शंभर वर्षांपुढच्या पुरावस्तूंचा धंदा करायला 1972 च्या कायद्याने लायसन्स लागतं, पण काळजीचं कारण नाही, तळाला बोट घासून बघा, पॉलिश अजून ओलं असतं.

तांब्याचा बंब दिसला तर मात्र भाव करायचाच नाही. आजीचा बंब आपणच फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून मोडीत किलोवर घातला होता, तेव्हा भंगारवाल्याने तोटीचं वजन कापलं म्हणून केवढे भांडलो होतो, आणि आता तसलाच बंब काही हजार मोजून सातव्या मजल्यावर न्यायचा, हॉलमध्ये ठेवून त्यात मनीप्लांट लावायचा. पाहुणे विचारतात. वडिलोपार्जित म्हणा, कुणाच्या का असेना वाडवडिलांचा आहेच की.

जाताजाता कपड्यांच्या ढिगात हात घालायला विसरू नका. मला मागच्या महिन्यात निळा चेक्सचा शर्ट मिळाला, कापड एकदम झकास, मापही असं की जणू माझ्यासाठीच शिवलाय, फक्त खिशाखाली पेनाच्या शाईचा छोटा डाग. "ब्रँडेड आहे भाऊ" म्हणाला, शंभरावरून ऐंशीला आणला, विजयी मुद्रेने घरी आलो. आईने बघितला, एक शब्द बोलली नाही, आत गेली आणि बोहारणीकडून गेल्याच महिन्यात घेतलेला स्टीलचा डबा आणून समोर ठेवला.