मोबाइल, नैराश्य आणि एकलकोंडी मुले : फिरत्या मजकुराला उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक मजकूर वारंवार फिरत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोबाइलच्या व्यसनाला मानसिक आजार ठरवले आहे, मोबाइलचा मेंदूवर कोकेनइतकाच परिणाम होतो, मुलांना नैराश्य त्यामुळेच येते, एकलकोंडी मुले त्यात आधी अडकतात, म्हणून फोन ताबडतोब काढून घ्या, असा त्याचा आशय असतो. तो काळजीपोटी पुढे पाठवला जातो, हे मान्य; पण त्यावर विसंबून मुलांविषयी निर्णय घेतले जातात, म्हणून तो तपासायला हवा.

पहिले विधान चूक आहे. या संघटनेच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात गेमिंगचा विकार आहे, स्मार्टफोनचा नाही. आणि गेमिंगच्या निदानासाठीही ताबा सुटल्याची व नुकसान दिसत असूनही खेळत राहिल्याची लक्षणे साधारणपणे बारा महिने टिकलेली असावी लागतात. कोकेनशी केलेली तुलनाही टिकत नाही. कोकेन हे डोपामिन, म्हणजे मेंदूतील आनंद व प्रेरणेशी निगडित रसायन, परत शोषून घेणारी यंत्रणाच अडवते. फोन तसे काही करत नाही.

नैराश्याचा मुद्दा मात्र एका वाक्यात उडवून लावण्यासारखा नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०१९ मध्ये ४१ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सुमारे २३ टक्के मुलांचा व तरुणांचा स्मार्टफोनचा वापर समस्याजनक, म्हणजे ताबा सुटलेला, आढळला आणि त्यांच्यात नैराश्याची शक्यता सुमारे तिप्पट दिसली. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली, तर त्यांच्या मानसिक स्वास्थ्यातील फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण एकात सुटलेला ताबा मोजला होता आणि दुसऱ्यात वापराचे प्रमाण. शिवाय ‘फोन जवळ नसला की अस्वस्थ वाटते का’ अशा प्रश्नावलीला मुळात अस्वस्थ असलेले मूल ‘हो’ म्हणणारच, आणि एकाच वेळी घेतलेल्या मोजणीतून आधी फोन आला की आधी उदासी, हे कळू शकत नाही. माझ्या मते हा मजकूर सर्वाधिक हानी इथेच करतो : सगळा दोष फोनवर टाकला की मुलाच्या दुःखाची चौकशी थांबते.

स्वभावाविषयीचे विधानही उलट बाजूला बोट दाखवते. २०२० मधील एका एकत्रित विश्लेषणात समस्याजनक वापराचा संबंध प्रामुख्याने भावनिक अस्थिरतेशी आणि शिस्तशीरपणाच्या अभावाशी आढळला. अंतर्मुखतेशी तसे ठळक नाते दिसले नाही. म्हणजे मित्रांच्या घोळक्यात रमणारे, पण सतत धास्तावलेले मूल पालकांच्या नजरेतून सहज निसटू शकते.

राहिला फोन हिसकावून घेण्याचा सल्ला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सातचा भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला, तो मोठ्यांसह साऱ्या गावासाठी होता. एकट्या मुलाला दिलेली ती शिक्षा नव्हती. झोप, अभ्यास, जेवण बिघडले असेल किंवा मूल गप्प गप्प राहू लागले असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते, आणि बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचार केंद्र आहे.