न्हाणीतला बेडूक बरणीत घालू नका

मृग लागला की हा मेसेज येतोच. यंदा एका दिवसात तीन ग्रुपवर आला: गल्लीच्या, भावकीच्या आणि शाळेतल्या जुन्या दोस्तांच्या. मजकूर थोडक्यात असा. पावसाळ्यात न्हाणीत येणारा पिवळट झाडबेडूक म्हणजे फुकटात मिळालेला पाळीव प्राणी. झाकणाला भोकं पाडून, बरणीत निम्मं पाणी भरून त्याला ठेवा. भात, पाव, कणकेच्या गोळ्या, उकडलेला पालक घाला. रोज नळाचं ताजं पाणी द्या. घरातले डास संपतील. पोरांना खुशाल हातात द्या, चामखीळ येत नाही. आणि कंटाळा आला की रंकाळा तलावात सोडून या.

यातलं चामखिळीचं तेवढं खरं आहे. चामखीळ माणसाला होणाऱ्या एका विषाणूमुळे येते, बेडकाचा त्यात काही हात नाही. बाकी सगळा मेसेज बेडकाच्या जिवावर उठणारा आहे.

मी कोल्हापुरात सात वर्षं झाडबेडूक पाळतोय. ऑस्ट्रेलियातला व्हाइट्स ट्री फ्रॉग, पिंजऱ्यातच जन्मलेला. त्यामुळे बेडूक पाळूच नयेत असं मी म्हणणार नाही. पण गेल्या पावसाळ्यात माझा भाचा हाच मेसेज वाचून लोणच्याची रिकामी बरणी घेऊन दारात उभा राहिला. "मामा, तीन दिस झालं, काय बी खाईना बघा." बरणीत बेडूक होता. खाली पाण्यात फुगलेला भात, दोन शितं त्याच्या पोटाला चिकटलेली, आणि तो स्वतः झाकणाला डोकं टेकवून, पाण्यापासून जमेल तितका वर, पाय पोटाशी घट्ट ओढून बसलेला. ते बघितल्यापासून या मेसेजला नुसतं 'चुकीचं आहे' म्हणून सोडून द्यायला मन होत नाही.

आधी खाण्याचं. मोठा झालेला बेडूक पूर्ण मांसाहारी असतो आणि त्याचा डोळा हालचालीवर चालतो. समोर पडलेलं शीत त्याच्या लेखी खडा. तोंडात कोंबलं तरी भात, पाव, कणीक पचवायला त्याचं आतडं बनलेलंच नाही. माझ्या बेडकासमोर रातकिडा सोडला की काय होतं ते सांगतो. किडा स्थिर असेपर्यंत बेडूक दगडासारखा. किड्याची मिशी हलली की मान जराशी खाली येते, मागच्या पायाचं एक बोट थरथरतं आणि झडप पडते. जीभ पुढच्या बाजूनं जबड्याला जोडलेली असते, म्हणून ती बाहेर उलटी फेकली जाते आणि किडा चिकटून आत येतो. मग बेडूक डोळे मिटतो. आपल्याला वाटतं, चव घेतोय. खरं तर डोळ्यांचे गोळे आत, टाळूकडे दबतात आणि घास घशाखाली ढकलायला मदत करतात. चावणं हा प्रकार नाही, घास अख्खा जातो. म्हणून किडा केवढा असावा याचं माप ठरलेलं आहे: बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको.

पालकाची भानगड कुठून आली, ते माझ्या लक्षात येतं. बेडकाची पिल्लं, पाण्यातली शेपटीवाली, शेवाळ खरवडून खातात. त्यांना उकडलेला पालक चालतो आणि पाळणारे तो देतातही. त्यांचं आतडं लांब, वेटोळ्यासारखं असतं. पाय फुटून शेपूट जिरताना तेच आतडं आखूड होतं आणि प्राणी शाकाहारीचा मांसाहारी होतो. मेसेज लिहिणाऱ्यानं पिल्लाचं जेवण थोरल्याच्या ताटात वाढलंय.

बरं, किडे घातले म्हणजे झालं का? इथं मी स्वतः फसलो होतो, म्हणून जरा थांबतो. पहिल्या वर्षी मी नुसते रातकिडे घालायचो. एका दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं, पावडरबिवडर लागत नाही, जंगलात कोण टाकतं? आठ-नऊ महिन्यांनी बेडकाचा मागचा पाय उडी मारताना थरथरायला लागला. मग झडप चुकायला लागली. जबडा मऊ पडला होता. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडं फिकट दिसत होती. रातकिड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं, आणि बेडकाला हवं उलट: कॅल्शियम साधारण दोन भाग, फॉस्फरस एक भाग. तूट पडली की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. रानातला बेडूक रात्रभरात नाना तऱ्हेचे किडे खातो, त्याचं भागतं. आपण त्याला रोज एकच किडा घालतो, तर उरलेलं आपणच भरून काढायला हवं. तेव्हापासून रातकिडे पिशवीत घालून कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्वाच्या पावडरीत हलवून देतो, आणि देण्याआधी दिवसभर त्यांना गाजर, पालेभाजी खायला घालतो. किड्याच्या पोटात जे असतं तेच बेडकाला मिळतं. बेडूक वाचला, पण त्याचा उजवा पाय अजून किंचित वाकडा आहे. दर वेळी तो काचेवर चढताना मला दिसतो.

शेपूट जिरलेला छोटा बेडूक असेल तर रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा चार-पाच रातकिडे, एवढं पुरतं. प्रेमानं जास्त घालणारेही बेडकाला मारतातच. माझ्या जातीच्या बेडकाला चरबी चढली की डोळ्यांवर, कानाच्या पडद्यावर मांसाच्या घड्या लोंबायला लागतात. घरातलं झुरळ पकडून देऊ नका, त्यानं कुठलं औषध चाटलंय माहीत नसतं. उसाच्या फडातले नाकतोडे त्याच कारणानं नकोत. आणि मे-जूनमध्ये राधानगरीकडे काजवे बघायला जाता तेव्हा एखादा डबीत घालून बेडकासाठी आणू नका. अमेरिकेतल्या काही काजव्यांत असं विष असतं की एक-दोन काजव्यांनी पाळीव सरडे दगावलेत. मी रातकिडे घरीच वाढवतो. मोठा प्लास्टिकचा डबा, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे, एका कोपऱ्यात ओली माती. रात्री आवाज होतो. घरच्यांनी सहन केलंय, त्यांचे उपकार.

आता पाण्याचं, कारण भाच्याचा बेडूक खरा त्यातच निम्मा मेला होता.

बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या खालच्या पातळ कातडीतून शोषतो. ओल्या जागी तो पोट टेकून बसतो ना, ते त्याचं पाणी पिणं. म्हणजे ज्या पाण्यात तो बसतो ते सगळं रक्तात जातं. आपल्या नळाला क्लोरीन घातलेलं पाणी येतं, आपल्यासाठी ते गरजेचंच आहे. बेडकाला ते तसंच द्यायचं नाही. पसरट घमेल्यात काढून चोवीस तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं. फिल्टरचं आरओ पाणी त्याहून बरं, असं पुष्कळांना वाटतं. त्यातले क्षार काढलेले असतात, उलट ते बेडकाच्या अंगातले क्षार ओढून घेतं. निम्म्या भरलेल्या बरणीत तर आणखी एक गोष्ट होते. बेडकाची विष्ठा-लघवी त्याच पाण्यात, त्यातून अमोनिया, आणि तोच पुन्हा कातडीतून आत. भाच्याच्या बरणीत भर म्हणून लोणच्याचं मीठ आणि तेल. धुतली होती, पण वास येत होता.

आणि झाडबेडूक काही पाण्यात राहणारा प्राणी नाही. बोटांच्या टोकाला चकत्या असतात त्या चढण्यासाठी. आपल्याकडे न्हाणीत, पडवीत येतो तो पिवळट-तपकिरी, मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके असलेला. भिंतीच्या चुन्याला चिकटून बसतो म्हणून इंग्रजीत त्याला चुनाम फ्रॉग असंही नाव पडलंय. बसायला फांदी नाही, चढायला जागा नाही, अशा पाण्यात तो थकून बुडतोसुद्धा. माझ्या पेटीत पाणी फक्त एका बशीत असतं, त्याच्या हनुवटीपर्यंत येईल एवढंच. बाकी उंची, फांद्या, पानं, वारा खेळायला जाळी, आणि एप्रिल-मेत दिवसातून दोनदा फवारा.

हा न्हाणीतला बेडूक जूनमध्ये घराजवळ का येतो, तेही मेसेजवाल्यानं बघायला हवं होतं. त्याचा विणीचा हंगाम असतो. रात्री लाकडावर टिचक्या माराव्यात तसा टक-टक-टक आवाज येतो, तो नराचा. आमच्या परड्यातल्या हौदाच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वर वीतभर, पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला असायचा. आई दरवर्षी साबणाचा फेस म्हणून खराट्यानं घासून टाकायची. ते घरटं असतं. जोडी मागच्या पायांनी स्राव घुसळून फेस काढते, अंडी त्यात. बाहेरून वाळतं, आतून ओलं राहतं, आणि काही दिवसांनी पिल्लं खालच्या पाण्यात टपकतात. आईला दाखवल्यापासून तिनं खराटा लावला नाही, उलट शेजारणींना बोलावून दाखवते. जूनमध्ये एक बेडूक बरणीत गेला म्हणजे त्या वर्षाची ही अंडी गेली.

डासांच्या मुद्द्याला थोडा आधार आहे, तो नाकारत नाही. बेडूक किडे खातात, शेताला त्यांचा उपयोग आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात आपल्या देशानं १९८७ मध्ये बंद केली ती याच काळजीतून. पण झाकण लावलेल्या बरणीतल्या बेडकापर्यंत डास पोचणार कसा? मोकळा असला तरी त्याला पतंग, झुरळासारखा भरीव घास आवडतो. शिवाय डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि झाडबेडूक दिवसा झोपलेला असतो. त्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एकदा बॅरल, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रीजमागचा ट्रे कोरडा करा. आणि ज्या खोलीत बेडूक ठेवलाय तिथं डासांचं लिक्विड मशीन लावू नका. त्यातलं औषध बेडकाच्या जातीला विषारी आहे.

पोरांच्या हातात देण्याबद्दल. पकडल्यावर बेडूक मुततो आणि पोरं हसतात. ते मूत्राशयातलं पाणी त्याची साठवण असते. कोरड्या दिवसांत तेच तो परत शरीरात घेतो. घाबरवून आपण त्याची टाकी रिकामी करतो. आपल्या हाताचा साबण, सॅनिटायझर, क्रीम, घामातलं मीठ, सगळं त्याच्या कातडीतून आत जातं. उलट बाजूनं, बेडकाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि लहान पोरं हात तोंडात घालतात. अमेरिकेत २००९ ते २०११ च्या दरम्यान पाळीव पाणबेडकांमुळे अशी साथ आली होती, आजारी पडलेल्यांत बहुतेक लहान मुलं होती. माझा बेडूक मी पेटी साफ करतानाच उचलतो, नुसत्या पाण्यानं हात ओले करून. नंतर साबणानं धुतो. बघायला मात्र पोरांना जरूर बोलावतो. तो कात टाकतो तेव्हा तर मुद्दाम. पाठ ताणून, तोंड वासून, अंगावरची पातळ कातडी पायांनी ओढत ओढत तोंडात घेतो आणि खाऊन टाकतो. भाचीला पहिल्यांदा वाटलं बेडूक आजारी पडला. आता तिला कात कधी निघणार ते माझ्या आधी कळतं.

राहिलं रंकाळ्यात सोडणं. या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. माझ्या बेडकासारखा दुकानातून आणलेला बेडूक असेल तर तो कधीही, कुठेही बाहेर सोडायचा नाही. कायट्रिड नावाची एक बुरशी बेडकांच्या कातडीवर वाढते, जगभर तिनं जातीच्या जाती संपवल्यात, आणि पाळीव-व्यापारी बेडकांमधून ती पसरते. २०२३ च्या जागतिक मोजणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. आपण कोल्हापूरचे लोक तर पावसाळ्यात दर रविवारी आंबोलीला निघतो. तिथल्या एका छोट्या झुडूपबेडकाला आंबोलीचंच नाव मिळालंय, तो विज्ञानाला ठाऊक झाला २००९ मध्ये. असले जीव आपल्यापासून गाडीनं काही तासांवर आहेत. नको झालेला बेडूक दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. आणि आणण्याआधीच हिशेब करा, व्हाइट्स ट्री फ्रॉग पंधरा-वीस वर्षं जगतो. लाल डोळ्यांचा ट्री फ्रॉग घ्यायचा असेल तर तो आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या बंधनातला आहे, त्याची सरकारकडे परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. राधानगरी अभयारण्यातून तर परवानगीशिवाय काहीच उचलून आणता येत नाही, बेडूकसुद्धा.

न्हाणीतून पकडलेला इथलाच बेडूक असेल तर त्याला जिथून उचलला तिथंच परत ठेवायचं. भाच्याला मी तेच करायला लावलं. बरणी आडवी करून पाणी सांडलं, दिवस मावळेपर्यंत बेडकाला ओल्या फडक्याच्या खोक्यात ठेवला, मग त्यांच्याच परड्यात मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळूच्या पानावर सोडला. पाच-दहा मिनिटं तो हललाही नाही. नंतर एका पायानं डोळा पुसला आणि देठावरून खाली उतरून गेला.

तुमच्याही न्हाणीत आला असेल तर अंघोळीला गरम पाणी ओतण्याआधी कोपरे बघून घ्या. रात्री खिडकीची एक फट उघडी ठेवा, तो आपला आपण जातो. आणि तो असेपर्यंत मोरीत फिनेल किंवा अ‍ॅसिड टाकू नका, कारण तो त्याच ओल्या फरशीवर पोट टेकून पाणी पीत असतो.