इस्माईल शम्मूत आणि त्यांचे चित्रकलेचे मास्तर

पॅलेस्टाईनच्या आधुनिक चित्रकलेचा विषय निघाला की इस्माईल शम्मूत यांचं नाव अगदी सुरुवातीला येतं. दाऊद झलातिमो हे नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. मी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते, त्यामुळे मला आधी त्यांच्याबद्दलच सांगायचंय. झलातिमो मूळचे जेरुसलेमचे, लिद्दा गावच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक. स्वतःच धडपडून चित्र शिकलेले. अरबांच्या इतिहासातले प्रसंग रंगवून ते शाळेच्या भिंतींवर लावायचे. १९३० साली जन्मलेला इस्माईल त्यांच्या वर्गात बसायचा. वडिलांचा फळं-भाज्यांचा व्यापार, घर धार्मिक, मुलाचा चित्रांचा नाद पसंत नव्हता. तेव्हा या मुलानं नवरीच्या पांढऱ्या पोशाखांवर फुलं रंगवून चार पैसे मिळवून दाखवले.

जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्यानं लिद्दा आणि शेजारचं रामला ताब्यात घेतलं आणि पन्नास हजारांहून जास्त माणसांना घराबाहेर काढून चालायला लावलं. रमजानचा महिना, भर उन्हाळा. वाटेत इस्माईलनं कुठून तरी पाणी मिळवलं, तर सैनिकानं बंदूक रोखून ते ओतून टाकायला लावलं. धाकटा भाऊ तौफिक तहानेनं गेला. बाकीचं कुटुंब हिंडत हिंडत गाझा पट्टीतल्या खान युनिसच्या छावणीत पोचलं.

तिथे हा अठरा वर्षांचा मुलगा आधी रस्त्यावर गोड खाऊ विकत होता. मग छावणीतल्या निर्वासित मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागला.

इथे मी दर वेळी थांबते. पोटाला पुरेसं नाही, अंगावर धड कपडा नाही, अशा ठिकाणी चित्रकला? आपल्याकडे धडधाकट इमारतीतल्या शाळांतसुद्धा परीक्षा जवळ आली की पहिला बळी जातो तो चित्रकलेच्या तासाचा. 'मॅडम, तुमचा तास गणिताला द्या' हे वाक्य माझ्या पेशातल्या प्रत्येकानं ऐकलेलं आहे. पण ज्या मुलांचं गाव गेलं, त्यांना आपली गल्ली, आपली विहीर, दारातलं झाड कागदावर आठवून काढता येणं ही मला चैन वाटत नाही. त्या छावणीत चित्रकलेच्या शिक्षकाची गरज होती, असं मी पूर्ण विचारांती म्हणते.

१९५० मध्ये शम्मूत कैरोच्या ललित कला महाविद्यालयात गेले. शिकता शिकता सिनेमाची पोस्टरं रंगवून खर्च भागवत होते. १९५३ मध्ये गाझात, भाऊ जमील यांच्यासोबत त्यांनी प्रदर्शन भरवलं. एरवी चित्रप्रदर्शनाच्या वाटेला न जाणारी छावणीतली माणसं ते बघायला आली. पुढच्या वर्षी कैरोच्या प्रदर्शनाचं उद्घाटन खुद्द इजिप्तचे नेते नासर यांनी केलं. तमाम अल-अखल या तरुण चित्रकर्तीचीही चित्रं त्यात होती.

'कुठे जायचं?' हे १९५३ चं चित्र नेटवर सहज सापडेल, जरूर बघा. फाटक्या कपड्यांतला म्हातारा चालतोय. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं एका पोराचं मनगट धरलेलं. खांद्यावर एक लेकरू झोपलंय, मागून आणखी एक रडत येतंय. पाठीमागे गावाची रेघ आणि एक वठलेलं झाड. त्या मनगटावरची पकड बघा. बोटांत बोटं गुंफलेली नाहीत, मनगटच पकडलंय. गर्दीत पोर हरवू नये म्हणून माणूस असंच धरतो. हे निरीक्षण त्या वाटेवरून चालून आलेल्याचं आहे.

शम्मूत यांची चित्रं भावुक आहेत, पोस्टरछाप आहेत, असं काही जाणकार म्हणतात. मला हे पटत नाही. ती चित्रं सोपी आहेत हे खरं, कारण ज्यांच्यासाठी काढली ती माणसं तंबूत राहत होती. फळ्यावर लिहिलेलं शेवटच्या बाकावरच्या मुलाला दिसलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट शिक्षक कधी विसरत नाही. या चित्रांच्या छापील प्रती निर्वासितांच्या घराघरांत लागल्या. कुठल्या चित्रकाराला असा प्रेक्षक मिळतो?

पुढे रोमची अकादमी, मग बैरूत. १९५९ मध्ये तमाम यांच्याशी लग्न. १९६९ मध्ये पॅलेस्टिनी चित्रकारांची संघटना उभी राहिली, तिचे ते पहिले सरचिटणीस. १९८२ मध्ये इस्रायलनं लेबनॉनवर हल्ला केल्यावर बैरूतही सुटलं. कुवेत, जर्मनी, शेवटी अम्मान. २००६ मध्ये जर्मनीत त्यांचं निधन झालं.

तमाम यांच्यावर खरं तर स्वतंत्र लिहायला हवं. त्यांचा जन्म पॅलेस्टाईनमधल्या याफा या बंदराच्या शहरातला. १९४८ मध्ये घरच्यांसोबत समुद्रमार्गे लेबनॉनला आल्या, बैरूतला मुलींना चित्रकला शिकवली. उतारवयात, १९९७ पासून पुढे तीनेक वर्षं, या दोघांनी मिळून पॅलेस्टाईनची सगळी कहाणी भल्यामोठ्या एकोणीस कॅनव्हासवर मांडली.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर मी ही चित्रं आठवी-नववीच्या मुलांना मोठ्या पडद्यावर दाखवणार आहे. झलातिमो मास्तरांची गोष्टही सांगणार आहे. इतिहासाच्या सरांनाही त्या तासाला बोलावलंय.